तार जोडाला लावा, बिटला नाही: नवशिक्यांसाठी सोल्डरिंग

सोल्डरिंगला, म्हणजे सोल्डरची तार वितळवून बोर्डावर पार्ट जोडायच्या कामाला, हात बसावा लागतो, असं जो तो सांगतो. हाताचा वाटा त्यात थोडाच असतो. हात थोडा थरथरत असला तरी चांगला जोड देता येतो. पण बोर्ड मळका असेल, बिट, म्हणजे तापणाऱ्या आयर्नचं टोक, काळं पडलं असेल किंवा उष्णता भलत्याच जागी जात असेल, तर कसलेल्या कारागिराचाही जोड बिघडतो. म्हणून इथे बोटं कशी धरायची याबद्दल कमी आणि उष्णता कुठून कुठे जाते याबद्दल जास्त लिहिलंय. वाचणारा सोलापुरातला आहे असं धरून चाललोय. इथला उन्हाळा, डोक्यावरचा पंखा, यंत्रमागाच्या भागातला कापसाचा तंतू आणि मधूनच बसणारं व्होल्टेज, या सगळ्यांचा सोल्डरवर परिणाम होतो, आणि आपण जे व्हिडिओ बघून शिकतो त्यांत यातलं काहीच नसतं.

आयर्न आणि बिट

दुकानात गेलात की 25 वॅटचं साधं आयर्न पुढे येतं. शिकायला ते पुरतं. फक्त एक हिशेब ध्यानात ठेवा. साध्या आयर्नच्या आत तापणारी तार असते, बाकी काही नाही. तिची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त होते. 230 व्होल्टला 25 वॅट देणारं आयर्न 200 व्होल्टला जेमतेम 19 वॅट देतं. अशोक चौकाच्या बाजूला किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ राहत असाल आणि एका वेळी सोल्डर पाण्यासारखं वाहतं, दुसऱ्या वेळी चिकटून गोळा होतं, असं होत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी मल्टीमीटर एसी रेंजवर ठेवून प्लगमधलं व्होल्टेज बघा. मेन्सचं व्होल्टेज मोजायची सवय नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी उभं करा.

थोडे पैसे जास्त असतील तर तापमान राखणारं 60 वॅटचं आयर्न किंवा छोटं स्टेशन घ्यावं. जास्त वॅटचं म्हणजे जास्त तापणारं नव्हे. जोडाने उष्णता ओढून घेतली की ते चटकन भरून काढतं, एवढाच अर्थ. मात्र डायल दिसली म्हणजे ते तापमान राखतंच असं नाही. स्वस्तातल्या काहींत आत नुसता डिमर असतो, तापमान मोजणारा सेन्सर नसतोच. दुकानदाराला स्पष्ट विचारा. शिसं असलेल्या साध्या सोल्डरला 320 ते 350 अंश सेल्सिअस ठेवा आणि सुरुवातीला त्याला हात लावू नका. सोल्डर नीट पसरत नाही म्हटलं की नवा माणूस पहिल्यांदा डायल फिरवतो. नव्वद टक्के वेळा, हे माझं आपलं अंदाजाचं म्हणणं, गडबड तापमानाची नसते, घाणीची असते.

आणखी एक: तीन पिनांचा प्लग आणि खरंखुरं अर्थिंग. दोन पिनांच्या आयर्नच्या बिटवर कधी कधी मुंग्या येण्याइतकी गळती असते. तुम्हाला ती जाणवेल न जाणवेल, पण मॉसफेट किंवा मायक्रोकंट्रोलर तेवढ्यानेही मरू शकतो.

बिट घेताना नव्या माणसाला सुईसारखं टोकदार बिट आवडतं, कारण बारीक कामाला बारीक टोक, असं वाटतं. ते घेऊ नका. सुईचं टोक जोडाला जेमतेम एका बिंदूत टेकतं आणि उष्णता जातच नाही. दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचं, पटाशीसारखं चपटं बिट घ्या. त्याची सपाट बाजू पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) आणि पाय (पार्टची तार) दोन्हींना एकदम टेकते.

सोल्डर वायर आणि पेस्ट

सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू. कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327 ला, पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं एकत्र केलं की मिश्रण 183 अंशांनाच वितळतं. बाजारात 60/40 जास्त मिळतं; तेही 183 ला मऊ पडायला लागतं आणि साधारण 190 ला पूर्ण पातळ होतं. हा जो मधला काही अंशांचा पट्टा आहे, त्यात सोल्डर ना पातळ ना घट्ट असं असतं, आणि त्याच क्षणी पाय हलला तर जोड बिघडतो. 63/37 मध्ये हा पट्टा जवळजवळ नाही. मिळालं तर तेच घ्या.

वायर 22 गेजची मागा, म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर जाडीची. 18 गेजची जाड वायर स्वस्त पडते, पण क्षणात इतकं सोल्डर ओतते की शेजारचं पॅडही भरून जातं. आतून पोकळ आणि रोझिन, म्हणजे राळ, भरलेली वायर हवी. अगदी स्वस्तातल्या रिळावर 60/40 छापलेलं असतं, पण आत कथील कमी असण्याची शक्यता असते. अशी वायर उशिरा वितळते आणि नीट केलेला जोडही राखेसारखा दिसतो. शंभर ग्रॅमचं अनोळखी रीळ घेण्यापेक्षा पन्नास ग्रॅमचं नावाजलेल्या कंपनीचं बरं. शिकणाऱ्याला तेवढं महिनोन्महिने पुरतं.

शिसं नसलेलं सोल्डरही मिळतं. युरोपात 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर निर्बंध आहेत, त्यामुळे कारखान्यातून येणारे बोर्ड बहुतेक तसेच असतात. त्यातलं नेहमीचं मिश्रण 217 ते 220 अंशांना वितळतं, जास्त उष्णता मागतं आणि जोड जरा निस्तेज दिसतो. लहान मुलांबरोबर काम करणार असाल तर तेच वापरा. नाहीतर शिकायला शिसंवालं सोपं.

फ्लक्स, म्हणजे धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करणारी, आपल्याकडे दुकानात जिला 'पेस्ट' म्हणतात ती, रोझिनचीच घ्या. रेडिएटर किंवा पत्र्याचे डबे जोडणारे आम्ल वापरतात, त्याने पत्रा झटकन जुळतो हे खरं. पण तेच सर्किट बोर्डावर लावलं तर राहिलेलं आम्ल हळूहळू तांबं खात बसतं आणि काही महिन्यांनी ट्रॅक हिरवा पडून तुटतो. त्या डबीला घरात थाराच देऊ नका.

बाकी सामान थोडं आहे: स्टँड, स्पंज, पितळी तारेची जाळी, बारीक कटर, चिमटा, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सकर, डिसोल्डर करायची (सोल्डर काढायची) तांब्याची वेणी आणि बीप वाजवणारा मल्टीमीटर. मल्टीमीटरवर काटकसर केली तरी चालेल, स्टँडवर नको. टेबलाच्या कडेला वाटीवर टेकवलेलं आयर्न आज ना उद्या घरंगळतंच, आणि माणूस प्रतिक्षिप्तपणे ते हवेत पकडायला जातो. पडलं तर पडू द्यायचं.

बसायची जागा

सोलापुरात घरोघरी टॉवेल आणि चादरी. टेबल खराब होऊ नये म्हणून त्याच अंथरून बसायचा मोह होतो. नको. कापडाचे तंतू पेस्टला चिकटतात, बोर्डावर जातात, आणि खाली पडलेला गरम थेंब कापडाला भोक पाडतो. त्यापेक्षा शहाबादी फरशीचा एखादा तुकडा मिळवा, फूट-दीड फूट लांबीचा. बांधकामाच्या जागी सहज मिळतो. तो जळत नाही, डाग पडला तर पडला, आणि तुटलेले पाय त्यावर चटकन दिसतात. यंत्रमाग शेजारी असेल तर काम संपल्यावर बोर्ड डब्यात झाकून ठेवा. रात्रभर उघडा राहिला तर सकाळी पॅडवर लव बसलेली असते, आणि ती सोल्डरमध्ये जळून काळा ठिपका करते.

पंख्याचं काय करायचं? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पंखा बंद करून सोल्डर करायला सांगणारा माणूस सोलापूरचा नसणार. पण डोक्यावरचा पंखा जोरात असेल तर दोन गोष्टी होतात. साध्या आयर्नचं बिट सतत थंड होत राहतं आणि धूर सरळ नाकात येतो. उपाय असा: छताचा पंखा बंद किंवा अगदी हळू, एक छोटा टेबलफॅन बोर्डाच्या पलीकडे, तोंड खिडकीकडे करून ठेवा, म्हणजे तो तुमच्याकडून हवा ओढून बाहेर टाकेल. घाम कमी सुकतो, पण चालतं. उन्हाळ्यात मी म्हणेन की सकाळी नऊच्या आतच बसावं.

धुराबद्दल गैरसमज फार. तो धूर शिशाचा नसतो. शिसं उकळायला 1700 अंशांच्या वर तापमान लागतं, तुमचं आयर्न तिथवर जात नाही. दिसतो तो रोझिनचा धूर, आणि तोही चांगला नव्हे. दम्याचा त्रास असणाऱ्याला तो विशेष बाधतो. शिसं शरीरात जातं ते हातातून तोंडात. म्हणजे काम करता करता बाजूच्या वाटीतले शेंगदाणे खायचे नाहीत, सोल्डर वायर दातात धरायची नाही, तंबाखू मळायची नाही, आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. पाय कापताना चष्मा घाला. कटरमधून उडालेला तुकडा डोळ्याच्याच दिशेने जातो असा माझा पक्का समज आहे. चटका बसला तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. हळद, टूथपेस्ट वगैरे काही नको. उन्हाळ्यात टाकीचं पाणी नळाला कढत येतं, तेव्हा माठातलं पाणी सतत ओतत राहा.

बिट जपणं

आयर्न पहिल्यांदा तापवताना पितळी जाळीतून टोक पुसा आणि लगेच त्यावर सोल्डर लावा. टोक चांदीसारखं चमकायला हवं. ही चमक म्हणजे उष्णता जायची वाट. चमक गेली, टोक तपकिरी-काळं पडलं, की मधे ऑक्साइडचा थर आला आणि उष्णता अडली. मग तुम्ही डायल 450 वर नेली तरी सोल्डर थेंब होऊन खाली घरंगळेल.

बिट काळं का पडतं? मुख्यतः रिकामं तापत राहिल्यामुळे. आयर्न चालू ठेवून तुम्ही पार्ट शोधत बसता, चहा प्यायला उठता, तेव्हा ते मरत असतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर बटण बंद करा. ठेवताना टोक पुसू नका, उलट त्यावर सोल्डरचा थेंब ठेवून बंद करा. तो थेंब ऑक्साइड आपल्या अंगावर घेतो. पुसायचं ते पुढच्या जोडाच्या आधी.

स्पंज वापरत असाल तर तो ओला करून पिळून घ्या. पाणी ठिबकत असेल तर प्रत्येक पुसण्यात बिट थंड पडतं. आणि कानस किंवा सँडपेपर? बिट नुसत्या तांब्याचं असेल, जसं काही जुन्या पद्धतीच्या स्वस्त आयर्नला येतं, तर ते खड्डे पडल्यावर कानसीने सारखं करावंच लागतं. पण मुलामा असलेल्या बिटावर कानस फिरवली तर वरचा लोखंडाचा थर जातो आणि बिट काही दिवसांत पोखरलं जातं. आपलं कोणतं आहे हे घेतानाच विचारून ठेवा. भांडी घासायची स्टीलची घासणी दोन्हींना नको.

बोर्ड आणि पार्ट

सरावाला झिरो बोर्ड घ्या, 2.54 मिलिमीटर अंतरावर भोकं असलेला. तपकिरी रंगाचा फिनॉलिक बोर्ड स्वस्त असतो, पण त्याची पॅडं जास्त उष्णतेला पापुद्र्यासारखी सुटतात. हिरव्या ग्लास-इपॉक्सीच्या बोर्डाला थोडे जास्त पैसे पडतात, पण तो नवशिक्याच्या चुका सहन करतो. माझ्या मते हिरवाच घ्यावा.

तांबं उघडं असेल तर साध्या खोडरबराने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर पॅडला बोट लावू नका. इथल्या उन्हाळ्यात बोटांना घाम असतोच. सॅनिटायझर अल्कोहोलऐवजी चालणार नाही, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. जुन्या पार्टांचे पाय काळवंडलेले असतील तर ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडा. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेलं आणि संक्रांत संपेपर्यंत मोडलेलं दिव्यांचं खेळणं घरात पडलेलं असेल, तर सराव करायला आणि पार्ट काढायला ते उत्तम. आधी त्यातले सेल काढा.

पार्ट लावताना बुटके आधी, उंच नंतर: रेझिस्टर, डायोड, मग आयसीचा सॉकेट, मग कपॅसिटर, शेवटी वायरी. असं केलं की बोर्ड उलटा केल्यावर पार्ट टेबलाला टेकून जागेवर राहतो. पाय भोकातून काढून किंचित फाकवा, पूर्ण आडवे करू नका. उद्या काढायची वेळ आली तर आडवा केलेला पाय पॅड घेऊनच निघतो. आणि दिशा. डायोडवरच्या पट्टीची बाजू कॅथोड. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा पट्टा वजा. एलईडीचा लांब पाय अधिक. आयसीची खाच आणि सॉकेटची खाच एका बाजूला. जोड द्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

एक जोड, अगदी जवळून

पूर्वी गल्लीत कल्हईवाला बसायचा तेव्हा तो काय करायचा, आठवा किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. तो कथील वितळवून भांड्यात ओतायचा नाही. आधी पातेलं भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा, भांड्याचा तांब्या-पितळेचा पृष्ठभाग स्वच्छ झाला की कथलाची कांडी तापलेल्या भांड्यालाच टेकवायचा आणि ते भांड्याच्या उष्णतेने वितळून पसरायचं. नवसागराच्या जागी रोझिन, भट्टीच्या जागी बिट, बाकी सोल्डरिंग तेच आहे.

नवा माणूस बरोबर उलटं करतो. बिटवर सोल्डरचा थेंब घेतो आणि जोडावर नेऊन फासतो, जणू फेविकॉल. तेवढ्या वेळात थेंबातलं रोझिन जळून गेलेलं असतं आणि पॅड अजून थंडच असतं. वितळलेलं सोल्डर थंड तांब्यावर पडून गोठतं, चिकटत नाही. दुरुस्तीच्या दुकानातला मिस्त्री शिकाऊ पोरावर ओरडतो तो यावरच: "अरे, बिटला काय चारतोस? जोडाला दे की!"

आता नीट बघा. बोर्ड पक्का धरलेला, उजव्या हातात आयर्न, डाव्या हातात बोटभर वायर पुढे काढलेली. बिट पुसलं, टोकावर नखाएवढंही नाही, अगदी टिपूसभर सोल्डर ठेवलं; या टिपसामुळे धातूला धातू ओला भिडतो आणि उष्णता झटकन जाते. बिटची सपाट बाजू एकाच वेळी पॅडला आणि पायाला टेकवा. दाब नको, दाबल्याने उष्णता वाढत नाही, फक्त पॅड सुटतं. एक सेकंद थांबा. मग वायर पलीकडच्या बाजूने आणा, जिथे पाय आणि पॅड मिळतात तिथे, बिटला न लागता. पहिल्या क्षणी वायर अडते. मग तिचं टोक मऊ होतं, बारीक चरचर होते, धुराची एक रेघ वर जाते, आणि सोल्डर एकदम चमकून पायाभोवती फिरतं. ते फिरणं डोळ्यांनी दिसतं. अर्धा क्षणच, पण दिसतं. सोल्डर स्वतःहून बिटच्या बाजूला, म्हणजे उष्णतेकडे ओढलं जातं आणि वाटेत पॅड भरून टाकतं.

पॅड झाकलं गेलं की आधी वायर काढा. बिट अजून अर्धा-एक सेकंद राहू द्या. मग बिट पायाच्या कडेने वर सरकवत उचला. क्रम उलटा झाला, म्हणजे बिट आधी निघालं, तर वायर जोडात अडकून बसते. तेव्हा ओढू नका, परत बिट टेकवा. सगळं मिळून दोन ते तीन सेकंद. पाचच्या पुढे गेलात तर थांबा, बोर्ड थंड होऊ द्या आणि बघा काय अडतंय. बिट उचलल्यावर दोन सेकंद काही हलवू नका, आणि फुंकर मारू नका. फुंकर मारायची सवय लागली की सुटत नाही, आणि वायर धरलेला हात तेवढ्यात हलतोच.

जिथे पॅड मोठ्या तांब्याच्या पसाऱ्याला जोडलेलं असतं, बहुधा ग्राउंडला, तिथे दोन-तीन सेकंदांचा हिशेब चालत नाही. तांबं उष्णता पळवून नेतं. तिथे रुंद बिट, थोडी पेस्ट आणि जास्त वेळ. 25 वॅटचं आयर्न तिथेच हरतं.

जोड वाचायला शिका

चांगला जोड पायाच्या बाजूने वर चढलेला आणि पॅडच्या कडेपर्यंत उतरत गेलेला, आत वळलेल्या उताराचा दिसतो. पायाचं टोक बाहेर दिसतं. गोल मणी दिसला तर सोल्डर जास्त झालंय किंवा खाली चिकटलेलंच नाही. मण्याच्या कडेखाली फट दिसते का, ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. सोल्डर पायाला चढलं पण पॅडवर पसरलं नाही, म्हणजे पॅड थंड होतं किंवा मळकं. पॅडवर पसरलं पण पायाला नाही, म्हणजे पाय काळवंडलेला. या दोन खुणा वेगळ्या वाचता आल्या की निम्मं काम झालं, कारण दुरुस्ती लगेच कळते. खरखरीत, राखाडी, सुरकुतलेला दिसला तर गोठताना हलला. शिसंविरहित सोल्डर मुळातच निस्तेज, तिथे चमकेवरून निकाल देऊ नका, उतार बघा.

पायाभोवती केसाएवढी गोल भेग, यालाच दुरुस्तीवाले ड्राय सोल्डर म्हणतात. हा जोड कधी चालतो, कधी नाही. टीव्हीवर थाप मारली की चित्र यायचं, त्यामागे पुष्कळदा हेच असायचं.

या सगळ्यांवर उपाय एकच: थोडी पेस्ट लावा, स्वच्छ बिट टेकवा, वाटलं तर टिपूसभर ताजं सोल्डर द्या, आणि परत वाहू द्या. वरून नुसतं सोल्डर चढवत जाऊ नका. दोन पॅडं एकमेकांना जुळली असतील तर पेस्ट लावून स्वच्छ बिट मधून ओढा. जास्तीचं सोल्डर बिटवर येतं. तरी राहिलं तर तांब्याची वेणी त्यावर ठेवून वेणीवरून बिट दाबा. वेणी बोटाने जवळून धरू नका, ती बिटएवढीच तापते.

सकर वापरताना नवशिक्यांना पटत नाही अशी एक गोष्ट: जुनं सोल्डर काढायच्या आधी त्यात नवं घाला. थोडं जुनं कोरडं सोल्डर नीट वितळत नाही. ताजं घातलं की त्यातलं रोझिन आणि वाढलेली उष्णता सगळं एकदम पातळ करतं, मग सकरचं तोंड टेकवून बटण दाबा. आयसी काढायचा असेल आणि तो परत वापरायचा नसेल तर त्याचे पाय कटरने कापा आणि एकेक पाय चिमट्याने काढा. आयसी पाच-दहा रुपयांचा, बोर्ड त्याहून महाग.

बारीक, पाय नसलेले एसएमडी पार्ट इतक्यात नकोत. पुढे करायचे तेव्हा 1206 किंवा 0805 आकारापासून सुरू करा: एका पॅडवर आधी थोडं सोल्डर, चिमट्याने पार्ट धरून ते वितळवत सरकवा, मग दुसरी बाजू.

पहिलं सर्किट

आधी रिकाम्या झिरो बोर्डावर कापलेल्या पायांचे तुकडे घालून दोन-तीन रांगा जोड द्या. मग 555 आयसीचं लुकलुकणारं सर्किट करा. हा आयसी सिग्नेटिक्स कंपनीने 1972 मध्ये बाजारात आणला, हान्स कामेनझिंड यांनी तो बनवला, आणि आजही तो कुठेही मिळतो. आठ पायांचा सॉकेट लावा, आयसी सर्वांत शेवटी. खाच वर ठेवली की डाव्या बाजूला वरून खाली 1 ते 4, उजव्या बाजूला खालून वर 5 ते 8.

8 आणि 4 एकत्र करून अधिकला. 1 वजाला. 8 आणि 7 यांच्यामध्ये 1 किलोओहम, 7 आणि 6 यांच्यामध्ये 68 किलोओहम. 6 आणि 2 एकमेकांना. 2 पासून 1 पर्यंत 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वजा बाजू 1 कडे. 3 पासून 470 ओहम, तिथून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय वजाला. 5 मोकळा. या किमतींना एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकते. तुमची थोडी मागेपुढे झाली तरी चालतं, कपॅसिटरमध्ये तेवढा फरक असतोच.

वीज द्यायच्या आधी आयसी सॉकेटबाहेर ठेवून मल्टीमीटर बीपवर लावा. अधिक आणि वजामध्ये बीप वाजता कामा नये. प्रत्येक शेजारच्या दोन पायांमध्येही तसंच तपासा. 6 आणि 2 मध्ये वाजायलाच हवी, 8 आणि 4 मध्येही. मग आयसी बसवा आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा, मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून काढलेली वायर नको. ही बॅटरी फार करंट देऊ शकत नाही, त्यामुळे शॉर्ट असलाच तरी नुकसान त्या मानाने कमी होतं.

लागलंच नाही तर बॅटरी काढा, आयसीला बोट लावा. कढत असेल तर उलटा बसलाय किंवा कुठे शॉर्ट आहे. थंड असेल तर बॅटरी परत लावून 8 आणि 1 मध्ये व्होल्टेज मोजा. तिथे नऊच्या आसपास असेल आणि एलईडी कायम विझलेली असेल तर ती उलटी लागलीय का बघा. कायम पेटलेली असेल तर 6 आणि 2 चा जोड किंवा कपॅसिटरचा पाय सुटलेला असण्याची शक्यता जास्त. तेही ठीक असेल तर सुक्या लाकडी काडीने एकेक जोड हलकेच दाबत जा. ज्या जोडावर एलईडी जागी होते तो ड्राय. बॅटरी काढून तेवढाच परत तापवा.